हिरव्या पिशवीतला प्लॉट

आमच्या घरात पैशांवर कुणाचा भरवसा नव्हता आणि माणसांवर तर त्याहून नव्हता. पेणला रामवाडीत आमच्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या. आतल्या खोलीत फडताळाच्या बाजूला भिंतीवर ओळीनं आठ खिळे ठोकलेले आणि प्रत्येक खिळ्याला जुन्या चोळीच्या कापडाची, नाडी ओढून बंद होणारी एकेक पिशवी. पहिली वाण्याची, दुसरी खोलीभाड्याची, मग लाइटची, दुधाची, गणपतीची, दुखण्याखुपण्याची आणि सातवी बाबांच्या पानाची. आठवी हिरवी होती. तिच्यात काही जमतं का, हे मी कधी विचारलं नाही, कारण जे माझ्यासाठी नाही त्याची चौकशी करायची मला सवय नव्हती. बाबा पोह्यांच्या गिरणीत होते. शनिवारी पगार झाला की नोटा आईच्या हातात ठेवून ते हात असा झटकन मागे घेत, की जणू चटका बसला. आई नोटा मोजायची, मग उलट्या बाजूनं परत मोजायची, कारण सुलट्या बाजूनं नोटा फसवतात असा तिचा अनुभव होता. मग पिशव्या खाली यायच्या, भरायच्या, वर जायच्या. पुढचा शनिवार येईपर्यंत दुधाच्या पिशवीतली चवली लाइटच्या पिशवीत जाणं म्हणजे दुसऱ्याच्या घरात न विचारता शिरणं. मी एकदा धीर करून म्हणालो होतो, "आई, हौसेसाठी एक खिळा ठोकूया की." तेव्हा मला फक्त कॅरमचा एक चांगला स्ट्रायकर हवा होता. तिनं लाटणं न थांबवता सांगितलं, "हौसेला मोल नसतं म्हंतात ना? मग तिला पैसं कशाला लागतात?" आता माझ्या फोनमध्ये महिन्याचे पैसे कुठं गेले ते सांगणारी एक सोय आहे. पण ती नुसतं "कुठं" सांगते. "का?" असं विचारून भुवई वर करत नाही.

आई पापड लाटायची. बाजारातल्या एका व्यापाऱ्याकडून ती मळलेलं पीठ तोलून आणायची आणि वाळलेले पापड तोलून द्यायची. सकाळी सहापासून पोळपाटाचा आवाज सुरू व्हायचा, आणि अंथरुणात पडल्यापडल्या त्या आवाजावरून मला कळायचं की आज घरात कुणावर संशय आहे. लाटणं सलग फिरत असलं तर सगळं ठीक. मधेच दोनदा आपटलं तर वाण्यानं मापात मारलेलं असायचं. आणि आवाज बंद होऊन नुसतं पीठ थापटलं जात असलं, तर मी डोक्यावरून पांघरूण ओढून घ्यायचो. दूध आलं की ती बोट बुडवून बघायची, साखरेची पुडी तळहातावर तोलायची, आणि मी रोह्याहून घरी आलो की उंबऱ्यातच थांबवून माझा वास घ्यायची. आयटीआय करून मी तेव्हा रोह्याच्या एका कंपनीत अप्रेंटिस लागलो होतो. रोज सकाळी पेणहून एस.टी., नागोठण्यावरून रोहा, संध्याकाळी परत. रोह्याला दिवसभर कंपनीत काढलेल्या माणसाच्या अंगाला एकच वास येतो, रसायनांचा, आणि त्याच्याखाली विडी, दारू, बाईमाणूस, काहीही खपून जातं. हे लक्षात आल्यावर आई वास सोडून माझे डोळे निरखायला लागली. पण खरं सांगायचं तर तिला स्वतःलाच जवळचं नीट दिसत नव्हतं. चौथी पास होती, अक्षर ओळखायची, पण कागद हातभर लांब धरला तरी ओळी एकमेकींत मिसळतात म्हणायची. त्यामुळे लाइटचं बिल, पत्र, डबा बांधून आलेला वर्तमानपत्राचा कागद, असलं सगळं ती शेजारच्या सातवीतल्या मंदाकडून वाचून घ्यायची. मंदा खणखणीत आवाजात वाचायची आणि एक अक्षर गाळायची नाही. मला घरात सगळ्यात जास्त भीती त्या पोरीची होती.

आमच्या कंपनीत लॅबला साठे साहेब म्हणून होते. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत कुंडलिकेच्या काठावर ते दुर्बीण लावून उभे होते, आणि मी जवळून मुद्दाम तीनदा गेलो म्हणून त्यांनी ती माझ्या हातात दिली. समोर पाण्यात रोवलेल्या बांबूवर एक निळा ठिपका होता. दुर्बिणीतून बघितलं तर तो खंड्या होता, त्याच्या चोचीत मासा होता, आणि माशाची शेपटी अजून हलत होती. मी दुर्बीण खाली घेतली आणि उलटी करून बघितली. मला शंका आली की आत चित्र चिकटवलेलं असणार. आईचाच मुलगा मी. साहेब हसले. ते म्हणाले, वर्षाच्या शेवटी त्यांची बदली होणार आहे, ही जुनी दुर्बीण ते काढून टाकणार आहेत, नऊशे रुपयांत. मी महिन्याला शंभर दिले तरी चालेल, डिसेंबरात पुरे झाले की घेऊन जावी. नऊशे! माझा महिन्याचा स्टायपेंड त्याहून कमी होता आणि तो अख्खाच्या अख्खा आईच्या हातात जायचा. मला परत मिळायचा तो एस.टी.चा पास आणि रोजचे चहाचे दोन रुपये. चहा सोडला तर महिन्याला पन्नास सुटत होते. वरचे पन्नास कुठून आणायचे?

आता इथं माझ्या अकलेचा पहिला नमुना येतो. त्या दिवसांत आमच्या भागात ज्याला त्याला प्लॉटचं वेड लागलं होतं. रामवाडीपासून डोलवीपर्यंत दर दुसरा माणूस प्लॉटचा एजंट आणि दर तिसरा त्याच्याकडून फसलेला. तरीसुद्धा प्लॉट म्हटलं की लोकांचा आवाज आपोआप खाली यायचा, देवाचं नाव घेतल्यासारखा. मी घरी येऊन सांगितलं की रोह्याला एक साहेब हप्त्यावर लहानसा प्लॉट देतायत. मी चहा सोडून पन्नास टाकतो, घरातून पन्नास मिळाले तर जमेल.

लाटणं थांबलं.

"कोन साहेब?"

"लॅबमधले. साठे."

"त्याला सोताला नको झाला का पलॉट?"

"त्यांची बदली होतेय."

"बदली होते म्हंजे पळून जातोय. पावती देल का?"

"देईल."

तिनं हाताचं पीठ झटकलं. मग उठली, हिरवी पिशवी काढली आणि तिच्यातून पन्नास रुपये मोजून माझ्या हातात दिले. म्हणाली, "आजपासून ही पलॉटची." मला वाटलं, वा, रिकामी पिशवी कामाला आली. रिकाम्या पिशवीतून पन्नास रुपये कसे निघाले, हा प्रश्न एकोणीस वर्षांच्या, स्वतःला चलाख समजणाऱ्या मुलाला पडला नाही.

साठे साहेब सरळ माणूस. मी पावती मागितली तर त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं, "रु. शंभर मिळाले," आणि खाली सही. आईनं मंदाला बोलावलं. मंदानं वाचलं. "कशाचे मिळाले ते लिवलं नाय," आई म्हणाली. मी म्हणालो, प्लॉटच्या पावत्या अशाच असतात. तिला ते पटलं नाही, हे तिच्या नाकपुड्यांवरून दिसत होतं. पण तिला प्लॉट हवा होता. संशयी माणूस ज्या एका गोष्टीवर डोळे मिटून विश्वास ठेवतो ती त्याला फार हवी असलेली गोष्ट असते, हे मी पुढं खूप उशिरा शिकलो, आणि तेही स्वतः फसल्यावर. तिनं पावती घडी करून हिरव्या पिशवीत टाकली. दर महिन्याला एक अशा त्या जमत गेल्या.

हिशोब ठेवायला मी एक डायरी केली होती. मंदाच्या धाकानं तीही सांकेतिक. दुर्बीण म्हणजे "प्लॉट". साठे साहेब म्हणजे "मालक". त्यांच्याकडूनच मी सणाला हातावर मिळालेले तीस रुपये देऊन पक्ष्यांचं एक जुनं इंग्रजी पुस्तक घेतलं, ते "देवळाची वर्गणी" म्हणून लिहिलं. त्या पुस्तकाला वाळवी लागलेली होती आणि वाळवीनं नेमके पाण्यातले पक्षी खाल्ले होते. ते कळलं घरी आल्यावर. परत करायला नेलं असतं तर पैसे मिळाले असते, पण परत करायचं म्हणजे आपण न तपासता घेतलं हे कबूल करायचं, आणि तपासल्याशिवाय काही घेणं ही आमच्या घरात चोरीपेक्षा मोठी गोष्ट होती. पुस्तक मी शर्टांच्या घडीखाली दडपलं.

त्या नऊ महिन्यांत मी चारच्या सुट्टीत कॅन्टीनच्या मागे नळाचं पाणी पिऊन येत होतो आणि मित्रांना पोट बिघडलंय सांगत होतो. नऊ महिने पोट बिघडलेला माणूस म्हणून माझी कंपनीत ख्याती झाली, एकानं वैद्यसुद्धा सुचवला. त्याच सुमारास पापडाच्या व्यापाऱ्यानं आईचा एक गठ्ठा परत पाठवला. पापडात केस लाटला गेला होता. मजुरीतून पैसे कापले. "माझा केस?" आई भडकली. "त्याच्याच डोक्याचा असंल मेल्याच्या!" व्यापारी पुरता टकला होता. मी आणि बाबा पोट धरून हसलो. आईही हसली. पुढच्या महिन्यात अजून एक गठ्ठा परत आला, तेव्हा ती हसली नाही. लाटून झालेला प्रत्येक पापड ती बोटांच्या टोकांनी चाचपू लागली, एकेक, हळूहळू. दिवसाचे पापड कमी व्हायला लागले. मला ते दिसत होतं. पण मी तेव्हा शेवटच्या दोन हप्त्यांवर डोळा लावून बसलो होतो.

डिसेंबरात दुर्बीण हातात आली. घरी आणायची सोय नव्हती, म्हणून ती मी हरीमामाकडे ठेवली. मामाचं गाव खाडीकडचं. एका बाजूला भातशेती, दुसऱ्या बाजूला मिठागरं, मध्ये बांध, आणि बांधात भरतीचं पाणी आतबाहेर सोडायला लाकडी दारं, त्यांना उघाडी म्हणतात. हिवाळ्यात मिठागरांच्या उथळ पाण्यात पक्षी उतरायचे, शेकड्यांनी. दर रविवारी मी आजोळी जायला लागलो. मामाला वाटलं भाच्याला माया सुटली. मग त्यानं दुर्बीण बघितली.

"ही कोनाची रे?"

आता इथं दुसरा नमुना. माझी म्हणावं तर ते आईच्या कानावर जाणार. म्हणून मी म्हणालो, "कंपनीची हाय. तपासायला दिलीय."

मामानं ती उलटसुलट करून परत दिली. पण त्या हिवाळ्यात तिकडे बोलवा होती की कुठलीशी नवी कंपनी येणार आणि मिठागरांसकट खाडीकाठ घेणार. कोणती, कधी, कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे प्रत्येकजण दुसऱ्याला ठाऊक आहे असं धरून चालला होता. पँट घातलेला माणूस बांधावर दिसला तरी बायका घरात जाऊन नवऱ्यांना उठवायच्या. आणि त्याच बांधावर मी, पँट घालून, गळ्यात कंपनीची दुर्बीण अडकवून, डायरीत आकडे लिहीत फिरत होतो. पक्ष्यांची नावं माहीत नव्हती, ती वाळवीच्या पोटात होती, म्हणून मी पायांच्या रंगावरून नोंद करायचो. लोक लांबून बघायचे. मी जवळ गेलो की गप्प व्हायचे. मला वाटायचं, शहरातला शिकलेला भाचा म्हणून मान देतायत. मग एका रविवारी डायरी हरवली. सगळा बांध पालथा घातला, मिळाली नाही. कुणाला विचारलं तर जो तो म्हणायचा, "नाय बा," आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघायचा.

पुढच्याच रविवारी मामानं पोपटी लावायची ठरवली आणि आईलाही बोलावलं. वालाच्या शेंगा भरल्या की आमच्याकडे ती लागतेच. शेताच्या कडेला उगवणारा भांबुर्डा मडक्याच्या तळाशी अंथरायचा, वर शेंगा, जाडं मीठ, ओवा, मसाला लावलेली कोंबडी, बटाटे, अंडी, परत शेंगा, आणि तोंडाला भांबुर्ड्याचाच बोळा. मग मडकं शेतात उलटं ठेवून चारी बाजूंनी पेंढा आणि काटक्या पेटवायच्या. दुपार कलली होती. मामाच्या खळ्याशेजारी गावातली दहाबारा माणसं जमली. इतकी बोलावलेली नव्हती. जाळ धरला, आणि बाळाराम तात्या पुढं आले. तात्या म्हणजे गावातले सगळ्यात जुने मीठवाले. पायांची कातडी मिठानं पांढरी पडलेली. त्यांनी बंडीच्या खिशातून माझी डायरी काढली.

"ही कोनाची?"

"माझी," मी आनंदानं पुढं झालो. तात्यांनी डायरी मागं घेतली आणि पुतण्याच्या हातात दिली. पुतण्या शाळेत शिपाई होता, नोटीस वाचल्यासारखं वाचायचा.

"'रविवार. तिसरी उघाडी. लाल पाय एकवीस. काळे पाय नऊ. पिवळे पाय चार.'"

"लाल म्हंजे?" तात्यांनी जमावाला विचारलं.

"लाल म्हंजे जमीन द्याया तयार झालेलं," मागून कुणीतरी म्हणालं. "काळं म्हंजे नाय म्हननारं."

"आन पिवळं?"

"ते मधले. हरीसारकं."

"माझं नाव कशाला?" मामा उसळला. पण त्याचा चेहरा बघून मला कळलं, त्यालाही हाच संशय होता, आणि पोपटी नुसती पोपटी नव्हती.

पुतण्यानं पान उलटलं. "'प्लॉट पुरा झाला. मालकाला नऊशे चुकते. मामाला अजून काही सांगितलं नाही.'"

मामा माझ्याकडे बघत होता. लहानपणी मला पोहायला शिकवताना ज्यानं हनुवटीखाली हात धरला होता, तोच हा मामा, आणि तो आता मी कुणी परका असल्यासारखा दोन पावलं मागं सरला होता. मी तोंड उघडणार इतक्यात आई उठली. शेणानं सारवलेल्या खळ्यावर कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"काय चोरीचा हाय का तो पलॉट? माझ्या पोरानं घेतलाय! अर्धं हप्तं मी दिलंत, मी! पावत्या हायत घरी, नऊ!"

जमावातून एक सुस्कारा गेला. कबुलीजबाब मिळाला होता.

"कुठं हाय पलॉट?" तात्यांनी विचारलं.

"रोह्याला."

"रोह्याला नऊशेत? बाय, नऊशेत तिथं कोंबडीचं खुराडं बी नाय यायचं."

"बयाना असंल," पुतण्या म्हणाला.

"आन ती दुर्बीन कोनाची?"

"कंपनीची," मामा जड आवाजात म्हणाला. "त्यानंच सांगितलं मला."

आईनं माझ्याकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या नजरेत संशय नव्हता, ती वाट बघत होती, मी आता सगळ्यांची तोंडं बंद करणार म्हणून. त्या नजरेपुढं मला कुठलंच नवं खोटं सुचलं नाही, आणि खोटं सुचायला मी कधी कमी पडलेलो नव्हतो.

"पलॉट नाय," मी म्हणालो. "दुर्बीणच घेतली. कंपनीची नाय, माझीच हाय. नऊशेची. पक्षी बघायला."

मग तात्या शांतपणे म्हणाले, "बरं. आता खरं सांग."

मी परत सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं. खंड्या सांगितला, माशाची शेपटी सांगितली, नळाचं पाणी सांगितलं. जितकं खरं सांगत गेलो तितके लोक एकमेकांकडे बघत गेले. नऊशे रुपये देऊन पाखरांच्या तंगड्या मोजणारा माणूस त्यांनी बघितला नव्हता, आणि जमिनीचा दलाल तर गावात रोज येत होता. कुठलं पटण्यासारखं होतं? शेवटी तात्यांनीच विचारलं, "लाल पाय कोन, सांग."

"अंग पांढरं, पंख काळे, चोच सुईसारखी. पाय अंगापेक्षा लांब."

"शेकाट्या," तात्या म्हणाले. "आन पिवळं?"

"बुटका. पळतो, थांबतो. परत पळतो."

"चिखल्या. कितीला घेतलीस म्हनालास?"

"नऊशे."

"अरं येड्या, साठ वरसं मी ह्यांच्याबरोबर गुडघाभर पान्यात हुभा हाय. दोन इड्या दिल्या असत्यास, सगळी नावं सांगितली असती." ते हसले, आणि जमाव सैल झाला. मला मात्र त्या क्षणी दलाल ठरलो असतो तर बरं, असं वाटलं. दलालाला निदान अक्कल असते.

मग तात्यांनी पुतण्याकडून डायरी घेऊन मला परत दिली आणि दुर्बीण मागितली. खाडीकडं तोंड करून डोळ्यांना लावली. "आयला!" ते ओरडले. "आमचा गन्या उघाडीवर इडी वडतोय!" क्षणात रांग लागली. एकाला त्याच्या पावट्यात शेजाऱ्याची म्हैस दिसली. एकाला परतीरावरचा साडू कुणाच्या होडीत बसतो ते बघायचं होतं. पुतण्यानं तर हेडमास्तर रविवारी कुठं असतात तेच शोधलं. अर्ध्या तासात त्या दुर्बिणीतून अख्ख्या गावाच्या शंका तपासून झाल्या. पक्षी कुणी बघितले नाहीत. मामानं माझ्या पाठीवर थाप मारली, जरा जोरात, आणि मडक्यावर पाण्याचा शिंतोडा मारून बघितला. चर्र झालं, पाणी उडालं. पोपटी झाली.

आई रांगेत नव्हती. केळीच्या पानावर वाफाळत्या शेंगांचा ढीग ओतला, सगळे गोल बसले, तीही बसली. ती शेंग उचलायची, अंगठ्यानं शिवण उसवायची, आणि दाणा बोटांनी चाचपून तोंडात टाकायची. पापडासारखा.

"बाय, किडकी हाय ती, टाक," मामा म्हणाला. "चष्मा घेतलास नाय अजून? गनपती झाल्यावर घेते म्हनालेलीस."

"पैसं हिरव्या पिशवीत व्हते," आई म्हणाली. "पलॉटला दिले."

तिनं ते माझ्याकडं न बघता सांगितलं आणि पुढची शेंग उचलली. माझ्या हातात कोंबडीची तंगडी होती. ती मी पानावर परत ठेवली. टकल्या व्यापाऱ्याचा विनोद आठवला, आणि त्यावर सगळ्यात मोठ्यानं कोण हसलं होतं तेही.

एस.टी.त ती खिडकीशी बसली, मी शेजारी. घरी आल्यावर मी म्हणालो, "मी ती विकून टाकतो. उद्याच."

"कितीला जाईल?"

"सहाशे मिळतील."

"म्हंजे तीनशेचा तोटा. तो कोन भरनार, तुझा साठे?" तिनं हिरव्या पिशवीतून नऊ पावत्या काढल्या, मोजल्या, मग उलट्या बाजूनं मोजल्या आणि चुलीत टाकल्या. पिशवी परत खिळ्यावर अडकवली आणि तिच्यावर माझ्या गळ्यातली दुर्बीण. "ही हितं ऱ्हानार. रविवारी पाहिजे असंल तर पिशवीत दहा रुपये टाकायचे आन न्यायची. दिवस मावळायच्या आत परत."

"माझ्याच दुर्बिणीचं भाडं?"

"खिळा माझा हाय."

अशा रीतीनं आमच्या घरात हौसेला खिळा मिळाला. चहा मी तसाही सोडलेलाच होता, तो सोडलेलाच राहिला, कंपनीतलं माझं पोटही बिघडलेलंच राहिलं. पावसाळ्यात खाडीवर जायची सोय नव्हती, दुर्बीण खिळ्यावर लोंबकळत होती, तरी दर रविवारी आई हात पुढं करायची. "बघितलं नाय तर काय झालं? बघायची परवानगी व्हती ना?" दुर्बीण आजही माझ्याकडे आहे. डाव्या भिंगात बुरशी धरलीय, पट्टा तीनदा बदललाय. पण मी ती कपाटात ठेवू शकत नाही, ती खिळ्यालाच लागते. बायको म्हणते, भिंत खराब होते. मी तिला खिळ्याचं भाडं द्यायला तयार आहे, ती घेत नाही, म्हणून मला जरा शंका येते.

दिवाळीच्या आधी हिरवी पिशवी भरली. बाजारात जाऊन आईनं काळ्या काड्यांचा चष्मा केला. घरी येऊन लावला आणि आधी दुधाचं पातेलं बघितलं. मग बाबांकडे बघून म्हणाली, "एवढं क्यास कवा पिकलं?" मग एक पापड लाटला, उजेडाला धरला, आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. मी म्हणालो, "काय दिसतं?" ती म्हणाली, "समदं."

संध्याकाळी ती उंबऱ्यात बसली होती. मांडीवर माझी डायरी. मंदाला बोलावलेलं नव्हतं. एकेका अक्षरावर बोट ठेवून ती स्वतः वाचत होती, ओठ हलत होते. "लाल पाय एकवीस," ती स्वतःशी म्हणाली, आणि मला वाटलं ती थोडी हसली. तिनं एक पान उलटलं. दुसरं उलटलं. मी बूट काढत होतो. मग तिचं बोट थांबलं.

"दिनू."

"काय गं?"

"देवळाची वर्गणी, तीस रुपये." तिनं चष्मा नाकावर खाली घेतला आणि त्याच्या वरून माझ्याकडं बघितलं. "कंच्या देवळाची रे?"